तव्याला साबण

मारेगावच्या त्या गल्लीत मैनाबाईंच्या धिरड्यांचं कौतुक होतं आणि त्यांच्या तोंडाचा धाक होता. स्वतःला सून नसल्यामुळे त्या गल्लीतल्या सगळ्यांच्या सुनांना शिकवत, आणि त्या शिकवणुकीतला पहिला धडा असा की तव्याला साबण लावायचा नाही. पोळ्या झाल्या की तवा गरम आहे तोवर तुपाच्या बोळ्याने पुसायचा आणि खुंटीला टांगायचा, संपलं. एका शेजारणीने तवा लख्ख घासून उन्हात ठेवला, तर मैनाबाई दारातूनच म्हणाल्या होत्या की बाई, जीव घेतला तू त्या तव्याचा. अशा या मैनाबाई गेले पंधरा दिवस रोज सकाळी एका कोऱ्या तव्याला साबण लावत होत्या, तोही दोनदा, आणि त्यांचे यजमान घनश्यामराव बाजेवर बसून ते पाहत होते. बोलत काही नव्हते. चाळीस वर्षांच्या संसारात कुठे बोलायचं नाही एवढं त्यांना नक्की कळलं होतं.

कारण होतं नयन. नयन म्हणजे त्यांच्या अर्पिताची मुलगी, वय वर्षं पाच, मुक्काम पुणे. तिला दूध चालत नाही आणि अंडंही चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. थेंबभर दूध पोटात गेलं तरी पोरीचे ओठ सुजतात, अंगभर गांधी उठतात आणि श्वास कोंडतो. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तूप, दही, लोणी, खवा, सगळं वर्ज्य; भांडीसुद्धा वेगळी.

मैनाबाईंनी हे समजून घेतलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. मागच्या वर्षी अर्पिता, जावई आणि नयन चार दिवस राहिले, तेव्हा चारही दिवस त्यांनी नातीला दुधाचा वाराही लागू दिला नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी गाडी दारात लागली. घरातून कुणी लांबच्या वाटेला निघालं की मैनाबाई त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवतात. जावयाच्या हातावर ठेवली. अर्पिता गाडीच्या मागे बॅगा कोंबत होती, तिला नेऊन दिली. नयनने पायरीवर उभं राहून आपला इवलासा हात पुढे केला, तर तिच्याही हातावर बोटभर ठेवली. मैनाबाईंच्या लेखी दही-साखर हे खाणं नव्हतंच, तो शकुन होता. शकुनाने कुणाला काही होतं असं त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

गाडी तासभरही गेली नसेल, पोरीचे ओठ सुजले. वाटेतल्या गावात एक डॉक्टर सापडला, त्याने इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं. अर्पिताने तिथून फोन केला, आई, तू हिला काय दिलं? मैनाबाई म्हणाल्या, काहीच नाही. वीस मिनिटांनी पुन्हा फोन आला, डॉक्टर विचारून राह्यले, नीट आठव. मैनाबाई म्हणाल्या, काहीच नाही व माय. तिसऱ्या फोनला त्यांनी दह्याचं सांगितलं. तिसऱ्या फोनपर्यंत आठवलंच नाही, असं त्यांनी नवऱ्याला सांगितलं, जावयाला सांगितलं, गल्लीलाही सांगितलं.

पोरगी वाचली. पण अर्पिता त्यानंतर आली नाही. फोन रोज करायची, आईच्या गुडघ्यांची चौकशी करायची, आणि यायचं काय म्हटलं की सुट्टी नाही म्हणायची. एक वर्ष असं गेलं.

मग या हिवाळ्यात अर्पिताच्या जिवाभावाच्या मैत्रिणीचं, दिपालीचं साक्षगंध ठरलं, मारेगावातच, रविवारी चार वाजता. साखरपुड्याला येणं भाग होतं. फोनवर अर्पिता म्हणाली की येईन तर खरी, पण नयनला घेऊन त्या गर्दीत कशी जाऊ? तिथे जो तो लेकराच्या तोंडात पेढा कोंबणार. मैनाबाई पटकन बोलून गेल्या, "माह्यापाशी ठेव न तिले."

पलीकडून काहीच आलं नाही. फोन कटला की काय म्हणून मैनाबाईंनी तो कानापासून दूर धरून पाहिला. सेकंद पुढे सरकत होते. मग अर्पिता म्हणाली, "पाहू. कडेवर घेऊनच जाईन मी." त्या चार-पाच सेकंदांनी मैनाबाईंच्या काळजात जे घर केलं ते काही केल्या निघेना. पोटच्या पोरीने आपल्या हातात लेकरू द्यायला कचरावं, यापेक्षा बाईच्या जातीला दुसरा मार कुठला?

त्याच फोनवर मागून नयन ओरडली की तिला आजीशी बोलायचंय. शाळेतल्या कुठल्याशा मुलाचा वाढदिवस झाला होता. "सगळ्यांनी क्रेप खाल्ला आजी, आणि मी माझ्या डब्यातली चपाती खाल्ली," तिने सांगितलं. क्रेप म्हणजे काय ग, तर म्हणे पातळ पातळ असतं, कागदासारखं, रुमालासारखी घडी घालतात आणि आत गोड असतं. मैनाबाईंनी मनात म्हटलं, अगं हे तर धिरडंच की, पुण्याला जाऊन साहेब झालेलं. आणि कबूल करून बसल्या की आजी तुला बिनदुधाचा, बिनअंड्याचा क्रेप करून घालेल. अर्पिताने फोन हातात घेतला आणि एवढंच सांगितलं की आई, नादी लागू नको. आणि लागलीसच तर तूप लागलेलं एकही भांडं वापरू नको, जे वापरशील ते साबणाने दोनदा घास.

झालं. त्या दिवसापासून मैनाबाईंचा पाय घरात ठरेना. मोबाईलवर एक बाई दाखवत होती, ती ओट्सचं दूध घ्या म्हणायची. ते मारेगावात मिळेना. पण कोठीत सोयाबीनची पोती उभी होती. सोयाबीन इथे पिकतं आणि ट्रॉलीत बसून निघून जातं, घरात त्याला कुणी विचारत नाही. मैनाबाईंनी मूठभर भिजवलं, सालं काढली, मिक्सरमध्ये फिरवलं, फडक्यातून गाळलं आणि कच्चा उग्र वास जाईपर्यंत उकळलं. पांढरंशुभ्र दूध तयार झालं. अर्पिताला विचारून घेतलं, सोयाबीन नयनला चालतं का? चालतं म्हणाली. अंड्याच्या जागी काय, यावर दोन दिवस गेले. मग एकदम आठवलं की जवस भिजवून वाटलं की कसं बुळबुळीत, चिकट होतं. दोन चमचे जवस, वाटीभर मैदा, थोडी तांदळाची पिठी, सोयाबीनचं दूध, मीठ, चमचाभर तेल. पीठ ताकासारखं पातळ करायचं आणि अर्धा तास झाकून ठेवायचं. घनश्यामरावांनी त्या पंधरा दिवसांत जेवढा मैदा खाल्ला तेवढा जन्मात खाल्ला नव्हता. आधीचे सात-आठ क्रेप रबरासारखे झाले. पुढचे बरे झाले. शेवटी शेवटी तर असे पातळ उतरले की आरपार खिडकी दिसावी.

हे सगळे प्रयोग जुन्या बिडाच्या तव्यावर होत होते. नयनसाठी मैनाबाईंनी रहेमानभाईंच्या दुकानातून नवा लोखंडी तवा आणला होता. रहेमानभाई तवा कागदात गुंडाळताना म्हणाले, "मौशी, ह्याले पंधरा दिवस तेल पाजा, मंग तो तुमचा." त्यांनी मैनाबाईंना तवा शिकवावा हे म्हणजे माशाला पोहणं शिकवण्यासारखं होतं. घरी येऊन त्यांनी रीतसर तेल-मीठ तापवून तवा घासला, कांदा फिरवला, रोज संध्याकाळी तेल पाजलं. पण सकाळ झाली की जीव खालीवर व्हायचा. कोणाचा तुपाचा हात लागला असेल का? फडकं कुठलं होतं? अर्पिता म्हणाली होती दोनदा. की लगेच तवा मोरीत आणि त्याच्यावर साबण. संध्याकाळी पाजलेलं सकाळी ओकायला लावायचं, असं पंधरा दिवस चाललं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात, पण फुंकण्याला काही सुमार असावा. आणि तो तवा एकदाही चुलीवर पिठासाठी चढला नाही. नयनचा तवा नयनच्याच क्रेपने उष्टा व्हायचा, असा बाईंचा हट्ट.

रविवारी दहाच्या सुमाराला अर्पिता आणि नयन एसटीतून उतरल्या. जावयाला सुट्टी नव्हती. नयन आजीच्या पोटाला येऊन बिलगली आणि पहिलाच प्रश्न, क्रेप कुठंय? अर्पिता वाळली होती. तिने घरात येऊन पाया पडायच्या आधी हात धुतले, पोरीचे हात धुतले, आणि पिशवीतून एकेक डबा काढून खिडकीत मांडला. भात होता, भाजी होती, दोन चपात्या होत्या, पोरीची ताटली, पोरीचा चमचा. मैनाबाई उंबऱ्यात उभ्या राहून पाहत होत्या. दोन दिवसांपासून घरातलं दूध, दही, तूप शेजारी नेऊन ठेवलं होतं, घनश्यामराव बिचारे काळा चहा पीत होते, आणि तरी हे डबे. मुलीचं काही चुकत नव्हतं. पण मैनाबाईंना लागायचं ते लागलंच.

"आई, क्रेप खाईन ती," अर्पिता जपून बोलली, "पण मी आधी पाहीन. राग नको मानू."

मैनाबाईंनी कसला राग म्हटलं आणि त्या स्वयंपाकघरात गेल्या. नयन मागोमाग येऊन पाटावर बसली. नवा तवा गॅसवर चढला. पीठ छान मुरलं होतं. डावभर पीठ टाकलं, तवा गोल फिरवला, कडा सुटायची वाट पाहिली. कडा काही सुटेना. सराटा खाली घातला तर पीठ तव्याला घट्ट धरून बसलं आणि वरचा पापुद्रा गोळा होऊन आला. दुसरा टाकला. त्याचंही तेच. तिसऱ्याला तेल जास्त घातलं, तर मधोमध फाटून त्याची लक्तरं झाली. पंधरा दिवस साबण खाल्लेला तवा तो, सोडेल कसा? हे त्यांना त्या क्षणी लख्ख कळलं, आणि कळून उपयोग शून्य होता.

"आजी, हा क्रेप नाहीये," नयन म्हणाली. रडवेली नव्हती झाली, फक्त सांगत होती. असल्या गोष्टींची तिला सवय असावी. मैनाबाईंनी पोरीला घनश्यामरावांसोबत बाहेर बोरं वेचायला पिटाळलं. अर्पिता मोरीत आंघोळीला गेली होती. घरात एकट्या मैनाबाई, गंजभर पीठ आणि कोठीमागे दडवून ठेवलेला जुना तवा.

त्या कोठीकडे गेल्या, परत आल्या. पुन्हा गेल्या. मनाशी वाद चालला होता. राखेने घासला तर? वरून साबण लावला तर? आणि मग गॅसवर लाल होईस्तोवर तापवला तर? अग्नीत काय शिल्लक राहतं, अग्नीत सगळं शुद्ध होतं. अर्धा जीव म्हणत होता नको, आणि उरलेला अर्धा मोरीचं पाणी बंद व्हायच्या आत उरकायला सांगत होता. त्यांनी परसात जाऊन तवा राखेने घासला, काथ्याने घासला, साबण लावला, पुन्हा राख लावली. लग्नातला तवा, आयुष्यात पहिल्यांदा त्याला साबण लागत होता. तापवला. पीठ टाकलं. मिनिटभरात कडा आपोआप वर आल्या आणि क्रेप तव्यावर सरकायला लागला. सहा क्रेप झाले. केळी कुस्करून गुळात परतलेली होती, ती आत भरली, रुमालासारख्या घड्या घातल्या. मग जुना तवा कोठीमागे गेला आणि नवा तवा, आधीची खरवड काढून, गॅसवर येऊन बसला. तोवर जे झालं त्याला घाई म्हणता आलं असतं, पण हे खोटं होतं आणि ते त्यांना ठाऊक होतं.

अर्पिता ओले केस पुसत आली आणि ताटलीकडे पाहून उभीच राहिली. एवढे पातळ? तिने मैद्याचा पुडा पाहिला, तेलाची पिशवी उलटून वाचली, सोयाबीनच्या दुधाचा थेंब जिभेवर घेतला, जवस काय म्हणून विचारलं. भांडी कुठली, तर मैनाबाई म्हणाल्या नवी. तवा? मैनाबाईंनी गॅसकडे बोट केलं. "सगळं ह्याच्यावरच केलं न?" अर्पिताने पुन्हा विचारलं, आणि मैनाबाई हो म्हणाल्या.

अर्पिताचा चेहरा हळूहळू सैल झाला. वर्षभरात पहिल्यांदा मैनाबाईंना आपली जुनी पोरगी दिसली, शाळेतून येऊन दप्तर फेकणारी. तिने नयनला हाक मारली, तिचे हात धुतले, पाटावर बसवलं. पोरीची ताटली, पोरीचा चमचा पुढे केला, आणि मग चमचा बाजूला ठेवून दिला.

"आई, तूच भरव तिले," ती म्हणाली.

हेच हवं होतं. वर्षभर देवापुढे बसून दुसरं काही मागितलं नव्हतं. मैनाबाई खाली बसल्या, क्रेपचा तुकडा मोडला, गुळाचं केळं नीट आत सरकवलं. नयनने चिमणीच्या पिलासारखा आ केला.

"काय छान वास येऊन राह्यला," अर्पिता मागे उभी राहून म्हणाली. "आपल्या घरचा. लहानपणी शाळेतून आल्यावर यायचा, तसा."

मैनाबाईंचा हात पोरीच्या ओठांपाशी थांबला. तो वास त्यांनाही आता आला. मैद्याला तो वास नसतो, सोयाबीनला नसतो, जवसाला नसतो. तो चाळीस वर्षं तव्यात मुरलेल्या तुपाचा वास होता. राख लावा, साबण लावा, तापवा, लोखंडाने जे पोटात घेतलं ते घेतलं. त्यांनी हात मागे ओढला आणि तुकडा मुठीत चुरगाळला.

"नको खाऊ, बाई," त्या नयनला म्हणाल्या. मग वर न पाहता म्हणाल्या, "अर्पिता, पोरीले उचल. म्या जुन्या तव्यावर केले."

अर्पिताने झडप घालून पोरीला ओढलं. तोंड उघडायला लावलं, आत पाहिलं, ओठ पाहिले, हात नळाखाली धरून कोपरापर्यंत धुतले. नयन आता मात्र भोकाड पसरून रडू लागली, कारण क्रेप समोर होता आणि कुणी देत नव्हतं. घनश्यामराव आत आले, एकदा बायकोकडे आणि एकदा मुलीकडे पाहिलं, आणि नातीला खांद्यावर टाकून परसात निघून गेले.

"दोनदा विचारलं मी तुले," अर्पिता म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं.

"हो."

"अन् तू हो म्हटलं."

"हो." मैनाबाई राखेचं सांगणार होत्या, काथ्याचं सांगणार होत्या, अग्नीचंही. तोंडापर्यंत आलेलं सगळं त्यांनी गिळलं. आणि मग जे सांगायचं नव्हतं, जे वर्षभर कुणाला सांगितलं नव्हतं, तेच बाहेर आलं. "मांगच्या वर्षी दुसऱ्याच फोनले मले दही आठवलं होतं, अर्पिता. तोंडातून निंघालंच नाही. वाटलं, पोरगी तशीच बरी झाली तं कोणाले समजणार नाही. तिसऱ्या फोनपावतर मी भिंतीले टेकून बसली होती."

अर्पिता ओट्याला पाठ लावून उभी होती, ती सरकत खाली फरशीवर बसली. बाहेर नयनचं रडणं हुंदक्यांवर आलं होतं आणि घनश्यामराव तिला कुठल्याशा कोंबडीची गोष्ट सांगत होते.

"माहीत होतं मले," अर्पिता शेवटी म्हणाली. "तुह्या आवाजावरून समजलं होतं. डॉक्टर माह्यासमोर उभा, पोरगी निळी पडून राह्यली, अन् माही आई लपवून राह्यली. दह्याचं मी कधीच सोडून देलं होतं, आई. हे नाही सोडता आलं."

मैनाबाईंनी पदर तोंडाला लावला. रडण्याचा आपल्याला अधिकार नाही असं वाटून त्यांनी तो लगेच काढलाही. सहाही क्रेप त्यांनी उचलले आणि परसातल्या उकिरड्यावर टाकून आल्या. आल्या तेव्हा अर्पिता उठून नवा तवा हातात घेऊन बघत होती, बोट फिरवत होती.

"ह्याले काय केलं तू?"

"साबण लावला."

"साबण? कितीदा?"

"रोज. तू दोनदा म्हटलं होतं न."

अर्पिताने आईकडे पाहिलं. तव्याला साबण लावायला गेली म्हणून सातवीत असताना तिने याच बाईच्या हातचा धपाटा खाल्ला होता. तिच्या तोंडून हसण्यासारखं काहीतरी निघालं आणि मध्येच त्याचं रडणं झालं. नाक पुसून तिने तवा गॅसवर ठेवला, मूठभर मीठ टाकलं, तेल ओतलं. मैनाबाईंनी न सांगता अर्धा कांदा कापून पुढे केला. धूर निघेपर्यंत दोघींनी तो तवा आळीपाळीने घासला. सराटा, पोरीची ताटली आणि स्वतःचे हात साबणाने दोनदा धुतले, पीठ थोडं घट्ट केलं. पहिले दोन चिकटले, तिसरा निम्मा सुटला, पाचवा जाडजूड पण अख्खा उतरला, आणि पुढचेही त्याच्यासारखेच.

नयनला ताटली दिली तेव्हा तिने घडी उघडून आत-बाहेर पाहिलं. "हे जरा धिरड्यासारखं झालंय," असा निकाल देऊन तिने आपल्या चमच्याने चार खाल्ले आणि पाचव्यातलं केळं तेवढं चाटून घेतलं. मैनाबाई लांब दाराशी बसून होत्या. भरवते म्हणायची त्यांची हिंमत झाली नाही. नयन प्रत्येक घास गिळायची तेव्हा त्यांचाही गळा हलायचा.

पावणेचारला अर्पिता साडी नेसून बाहेर आली. मैनाबाईंनी नयनचा फ्रॉक बाजेवर काढून ठेवला होता, मोजे शोधत होत्या. अर्पिता म्हणाली की मोजे राहू दे. तिने पिशवीतून एक लाल पाकीट काढलं आणि आईला समोर बसवलं. आत जाड पेनासारखं इंजेक्शन होतं. टोपण कसं काढायचं, मांडीवर बाहेरच्या बाजूने, कपड्यावरूनच, कसं दाबून धरायचं, दहापर्यंत मोजायचं आणि मग गाडी बोलावून सरळ दवाखाना, हे तिने दोनदा सांगितलं आणि आईकडून म्हणवून घेतलं. मैनाबाई म्हणत होत्या, पण आपण काय म्हणतोय तेच त्यांच्या कानात शिरत नव्हतं.

"तू नेऊन नाही राह्यली तिले?" त्यांनी विचारलं.

"दोन तासात येते मी." अर्पिताने पाकीट त्यांच्या हातात दिलं आणि त्यांची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. क्षणभर ती गेलीच नाही, पोरीकडे पाहत राहिली. "मले भेव वाटून राह्यलं आई, खोटं कायले बोलू. काही झालं, काहीही, तं पहिल्याच फोनले सांगजो."

ती गेली. मैनाबाई पाकीट मांडीवर घेऊन बसल्या. नयन फरशीवर पालथी पडून चित्र काढत होती. घरात भीती वाटावी असं काहीच नव्हतं, तरी मैनाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. पोरीच्या ओठांकडे पाहायचं, मग श्वास मोजायचा, मग पाकीट उघडून आत इंजेक्शन आहे ना ते पाहायचं. घनश्यामराव म्हणाले की अवो, जरा टेका. त्या टेकल्या नाहीत. एवढ्यात नयन शिंकली. एकदा, आणि पुन्हा एकदा.

मैनाबाईंनी फोन उचलला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत अर्पिताचा आवाज आला; तिच्या मागे बँड वाजत होता, बायकांचा कलकलाट होता.

"पोरगी दोनदा शिंकली," मैनाबाई म्हणाल्या. "बाकी काही नाही. ओठ चांगले आहेत. सांगून ठेवते."

अर्पिता बरं म्हणाली. पुढचा फोन नयनने रंगीत खडू तोंडात घातला म्हणून गेला, त्याच्या पुढचा खडू बाहेर काढला म्हणून. सहा वाजेपर्यंत मैनाबाईंनी अकरा फोन केले, आणि अर्पिताने अकराही उचलले.